मदत हवी आहे : पाकिटावरचा मराठी ‘ल’ आणि ‘श’

नमस्कार. पुण्यातील एका छोट्या ब्रँडिंग एजन्सीत मी डिझायनर आहे. सध्या लसणाच्या चटणीच्या पाकिटाचे काम चालू असून, मराठीच्या लिपीविषयीच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ संगणकावर भाषा मराठी निवडली की नीट उमटतात. मात्र तोच फॉन्ट रीलसाठी मोबाइलवर वापरला की दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची होतात. ग्राहकाच्या आईंनी नमुन्यावर पेन्सिलीने ‘हा ल आपला नव्हे’ असे लिहून पाठवले आणि त्यांचे बरोबरच आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ही वळणे मुळातच आहेत, पण पाकिटावर तो फार नाजूक दिसतो. अशीच सोय असलेला, ठळक आणि व्यावसायिक वापराची मुभा देणारा फॉन्ट कोणी वापरला असल्यास कृपया नाव कळवावे.