विषय: फोटोग्राफीची साइट – गणपतीतले फोटो टाकू का?

मृणाल (हॅरो, लंडन):
मंडळी, साइट शुक्रवारी चालू करायची आहे, म्हणून घाईने विचारतेय. दाखवण्याजोगं काम माझ्याकडे एवढंच: आपल्या गणपतीतलं ढोलपथक आणि स्लाऊच्या वहिनींकडची मुंज. ढोलाच्या फोटोंत लहान मुलं बरीच आहेत. मंडळाच्या समितीने हो म्हटलं तर पुरे, की प्रत्येकाच्या आईवडिलांना विचारू? आणि दर लिहू का? मिलिंददादा नको म्हणतात.

मिलिंद:
नको असं नाही म्हणालो गं. पॅकेजचा भलामोठा तक्ता नको. ‘अमुक पाउंडांपासून’ एवढं हवंच. आमच्या पुतण्याच्या लग्नाच्या वेळी दर न लिहिलेल्या कुणालाही आम्ही फोनच केला नाही.

विद्या (समिती):
मुलांच्या फोटोंना समिती होकार देऊ शकत नाही. पालकांची संमती घेतली होती ती मंडळाच्या बातमीपत्रापुरती. व्यवसायाच्या जाहिरातीला ती लागू नाही. प्रत्येक घरी विचारावंच लागेल, आणि हे मी मागच्या सभेतही सांगितलं होतं.

शरद काका:
गणपतीचे फोटो इतकी वर्षं आमचा गट काढतो. नव्यांनी जरूर काढावेत, पण स्टेजसमोरची जागा आधी ठरवून घ्यावी. मृणाल, तू पाठवलेली लिंक पाहिली. काम सुरेख आहे, पण पैठणीचा जांभळा मळकट दिसतोय. फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीतच चढवलेस का? वेबवर नेहमी चालते त्या एसआरजीबीमध्ये एक्स्पोर्ट कर, लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेव. मूळ फाइली टाकल्यास तर फोनवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जाईल.

मिलिंद:
काका, जागेचं विद्याताईंशी बोला. रंगाबद्दल शंभर टक्के सहमत.

अनघा:
मुंजीचं कुणीच बोललं नाही! इथल्या १९८८च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोंचा हक्क मृणालचाच. पण कलम ८५ वाचा: घरगुती कारणासाठी कुणी फोटोचं काम दिलं, तर ते फोटो चारचौघांत मांडू न देण्याचा हक्क काम देणाऱ्याचा. म्हणजे स्लाऊच्या वहिनींचं लेखी ‘हो’ हवं, ईमेल चालेल. पुढच्या प्रत्येक करारात हा मुद्दा आधीच घाल, मागाहून विचारताना फार अवघडल्यासारखं होतं.
शिवाय ‘संपर्क’ पानावर नुसता फॉर्म दिसतोय. २००२च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर नाव, पत्ता आणि ईमेल लागतो.

विद्या:
घरचा पत्ता? घरात लहान मुलगी आहे तिच्या!

अनघा:
ताई, काळजी पटते. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर पत्ता लपवून फक्त ‘कोणत्या भागात काम करतो’ दाखवता येतं. साइटचा नियम मात्र वेगळा आहे. घरचा नको असेल तर रीतसर पत्ता भाड्याने देणाऱ्या सेवा आहेत, वर्षाचा खर्च दरातच धर.

शरद काका:
जागेबद्दल मी कुणाला दोष दिला नव्हता. गटाच्या मुलांनी ट्रायपॉड लावायला सकाळी सातला जायचं आणि ऐनवेळी उठायचं, एवढंच म्हणणं आहे.

मृणाल:
सगळ्यांचे आभार. ढोलातले मुलांचे फोटो काढून टाकले, ताशावाल्या दादांचे त्यांना विचारून ठेवले. वहिनींचा ईमेल आला: बटूचे नकोत, मांडवाचे आणि हातांचे चालतील. काका, रंग पुन्हा करतेय, आज रात्री एकदा बघाल का? आणि पुढच्या गणपतीत जागा तुम्ही सांगाल ती.
आता पानं रिकामी दिसताहेत. शनिवारी सकाळी कुणाच्या घरी बारसं, डोहाळजेवण, काही आहे का? फुकट काढते, सगळे फोटो तुमचे. साइटवर कोणते टाकायचे ते तुम्ही निवडा, आणि तेवढं आधी लिहून द्या.