मदत हवी आहे: भावाचा घटस्फोट होतोय, भाची नोव्हेनांवर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतेय, भाचा चर्चला यायला तयार नाही

नमस्कार मंडळी. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भाऊ-वहिनी अडीच वर्षं वेगळे राहतात. भाऊ नायगावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, वहिनी मुलांना घेऊन गावातल्या घरी, माझ्या शेजारीच. परस्पर संमतीचा अर्ज कोर्टात आहे, पुढच्या तारखेला बहुधा निकाल लागेल. (2001 पर्यंत आपल्या लोकांना कायद्यात ही सोयच नव्हती, आरोप सिद्ध करत बसावं लागायचं. तेवढं तरी वाचलं.) मारहाण, दारू असलं काही नाही. पटलं नाही, एवढंच.

प्रश्न मुलांचा आहे. भाचा 19, भाची 16.

सप्टेंबरात भाची माझ्याबरोबर बांद्र्याच्या जत्रेला आली होती. तिथल्या माउंट मेरी चर्चला वाहायला मेणाचे हात, पाय, बाहुल्या विकायला असतात, माहीत असेलच. तिने मेणबत्त्यावालीला विचारलं, "भांडण मिटायला काय वाहतात?" बाई जरा थांबली आणि मेणाचं घर तिच्या हातात दिलं. खरं तर ते घर व्हावं म्हणून वाहतात. पोरीने वाहिलं, आणि येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. घरी भाच्याने विचारलं, "भाड्याचं वाहिलंस की मालकीचं?" तेव्हापासून दोघांचा अबोला.

आता नऊ दिवस संपले की पुन्हा पहिला दिवस. शुक्रवारी उपास. भाऊ रविवारी भेटायला आला की त्याच्यासमोर "देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये." तो मान खाली घालून चहा पितो. परवा मला म्हणाली, "आत्या, मागच्या नोव्हेनात माझा एक दिवस चुकला होता." यावर काय बोलायचं?

भाचा चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) गिटार वाजवायचा. चर्चच्या आवारात एक बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या घरात प्रार्थना कमी पडतेय रे." पुढच्या रविवारपासून बंद. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) आला नाही. गिटार माझ्या माळ्यावर पडलीय. राग देवावर आहे की त्या बाईंवर, हे त्यालाच सांगता येत नसावं.

वहिनी मिस्साला जाते, पण कम्युनिअन (मिस्सात रांगेने जाऊन घ्यायचा पवित्र प्रसाद) घेत नाही. घटस्फोटवाल्यांना चालत नाही, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. हल्ली भाचीही तिच्याजवळ बसून राहते. सगळा बाक रांगेत जायला उठतो आणि या दोघी गुडघे तिरके करून लोकांना वाट देतात. बघवत नाही हो.

त्यात भाऊ म्हणतो, नंतर चर्चकडूनही लग्न रद्द करून घेईन. भाचीने विचारलं, "लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, तर आम्ही कोण?"

तिची श्रद्धा मला मोडायची नाही. पण निकाल लागला की ही कोसळेल. आधीच स्पष्ट सांगावं का? अनुभव असेल त्यांनी लिहा. "मुलांसाठी एकत्र राहा" हा सल्ला नको. तो मीच देऊन बसलेय.

प्रतिसाद 1
नुसत्या घटस्फोटाने कम्युनिअन बंद होत नाही. पहिलं लग्न चर्चने रद्द ठरवलेलं नसताना दुसरं केलं, तर अडचण येते. वहिनींचा इथे काहीच दोष नाही. मुलांचं म्हणाल तर कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेचं कलम 1137 स्पष्ट आहे: वैध समजून केलेल्या लग्नातली मुलंही औरसच. मात्र हे फादरांकडून वदवा. सोळा वर्षांची मुलगी कायद्यात आत्याचं ऐकणार नाही.

प्रतिसाद 2
आमचं घर हिंदू, पण गोष्ट तीच. आई-बाबांसाठी मी सोळा सोमवार धरले होते. बारावा झाला आणि बाबा घर सोडून गेले. उरलेले चार हट्टाने पुरे केले, मग दोन वर्षं देवघराकडे फिरकले नाही. उपास चुकला म्हणून हे झालं नाही आणि ते थांबवणं तुझं काम नव्हतं, एवढं कुणीतरी तेव्हा म्हणायला हवं होतं. निकालाआधी सांगाच. पण तुम्ही नको, आई-बाबांनी एकत्र बसून सांगावं. भाच्याला तूर्त चर्चचा आग्रह करू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. फादरांना भेटले, त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं. ती आधी चिडलीच, "मग इतके महिने मी उगाच बसून राहिले?" मुलांच्या प्रश्नावर ते भाचीशी स्वतः बोलणार आहेत. भाऊ-वहिनी शनिवारी मुलांना एकत्र सांगणार. भाचा म्हणतो, चर्चमध्ये नको, घरी असेल तर येतो. भाचीची नोव्हेना सहाव्या दिवसावर आहे. ती पुरी करू देते.