मोठी पोरं, धाकटी पोरं आणि एकच सतरंजी : तुमचे अनुभव सांगा

७ नोव्हेंबरला आमच्याकडे साताऱ्यात विद्यार्थी दिनाची गडबड असते. १९०० साली याच तारखेला भीमराव आंबेडकर इथल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीला दाखल झाले, म्हणून. दिवस भाषणांतच जातो. गेल्या वर्षी आम्ही भाषणं अर्ध्या तासात उरकली आणि नववीची वीस मुलं ओढ्यापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत नेली. एकेकाला तिसरी-चौथीतला एकेक जोडीदार दिला. ठरला होता एक दिवस, चाललं मार्चपर्यंत, दर शनिवारी.

पहिल्या दिवशी आमची पोरं खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली आणि "ए, गप्प बसा, हाताची घडी!" सुरू. हुबेहूब आमचीच नक्कल. मला लाज वाटली, खरं सांगते. पुढच्या शनिवारी खडू काढून घेतले, सतरंजी टाकली, सगळे खाली बसले. मग जरा बोलणं सुरू झालं.

दोन शाळांची, दोन वयांची मुलं एका कामाला बसवायचा प्रयोग सातारा-सांगलीकडे आणखी कोणी केलाय? फसला असेल तर तोही लिहा. शाळांची नावं नकोत.

सांगली, भूगोलाची शिक्षिका

आमचा विषय पूर. दुसरा कुठला असणार! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण हे फूट पुलापाशी मोजलेले. आपल्या उंबऱ्यावर किती पाणी होतं ते वेगळंच. म्हणून नववी आणि जवळच्या शाळेची चौथी मिळून एका गल्लीतल्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजायच्या, असं ठरवलं.

चौथीतली एक मुलगी, पुराच्या वेळी चार वर्षांची असेल. तिच्या घरातली खूण आमच्या पोरांच्या छातीला लागत होती, समोरच्या घरात जेमतेम गुडघ्याला. ती म्हणाली, "आमच्यात पूर जास्त आलता, त्यांच्यात कमी." नववीतले सहा जण हसले, पण ती चुकतेय कुठं हे एकालाही सांगता येईना. त्यातल्या एकाचे वडील गवंडी. तो दुसऱ्या दिवशी लेव्हलची पाईप घेऊन आला, तीच, पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक या घरातल्या खुणेला धरलं, दुसरं गल्ली ओलांडून त्या घरातल्या खुणेला. दोन्हीकडे पाणी बरोबर खुणेवर उभं राहिलं. मुलगी दोनदा इकडून तिकडे पळाली. मग म्हणाली, "म्हंजे पाणी सारखंच. आमचं घर खाली हाय."

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मी अकरा वर्षं शिकवतेय. त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला कळल्या.

एका घरी मात्र आजींनी आत येऊ दिलं नाही. "रंग मारून पुसलंय ते, कशाला उकरताय?" आम्ही परत फिरलो. पोरांना आधीच सांगून ठेवायला हवं होतं, ते राहिलं. ती चूक माझी.

तासगाव तालुका, माजी विद्यार्थी

मी आठवीत होतो तवा आम्हाला पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला न्यायचे. माझी गोम कुणालाच म्हाईत नव्हती, मला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वर्गात नंबर आला की पोट दुखायचं. घरची द्राक्षबाग. खरड छाटणी, फळछाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं करायचो, पण औषधाच्या दुकानावरच्या पाटीत 'द्राक्ष' लिहिलेलं वाचायचं म्हटलं की घाम फुटायचा.

बारक्या पोरांपुढं अडकलो तर ती हसत नव्हती, कारण त्यांनाबी येत नव्हतं. पण एक पोरगी लई वाईट. अडलेला शब्द मी गाळून पुढं गेलो की बोट ठेवायची, "दादा, हे राहिलं." मग मी आदल्या रात्री गोठ्यात बसून तीच गोष्ट चार-चार वेळा वाचायचो. म्हशीला पाठ झाली असंल. दिवाळीपर्यंत माझी निम्मी-अधिक जोडाक्षरं सुटली. सरांना वाटलं मी पोरांना शिकवतोय. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

माण तालुका, दोनशिक्षकी शाळा

मोठ्यांनी धाकट्यांना शिकवणं? आमच्याकडे याला प्रकल्प नाही, सोमवार म्हणतात. मी पहिली-दुसरी घेते तेव्हा चौथी तिसरीला सांभाळते, सहकारी शिक्षक तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात.

पण गेल्या जूनमध्ये शेजारगावच्या हायस्कूलची आठवी आमच्याकडे पर्जन्यमापक करायला आली. दुष्काळी भाग, पाऊस हा इथं घरोघरचा विषय. बाटली कापायची, वरचा भाग उलटा बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. तिसरीतल्या एकानं विचारलं, "बाटलीऐवजी डबा ठेवला तर जास्त पाऊस मावंल, मग जास्त भरंल ना?" आठवीतली मुलं एकमुखानं "हो" म्हणाली. त्यांच्या विज्ञानाच्या सरांनी, बरं केलं, काहीच सांगितलं नाही. पुढच्या वळवात सरळ कडांचा तेलाचा डबा, ग्लास आणि कोणीतरी हौसेनं आणलेलं घमेलं अंगणात ठेवलं. डब्यात आणि ग्लासात पट्टी लावली, उंची जवळपास तेवढीच. तोंड मोठं तसा तळही मोठा. घमेल्यात मात्र जास्त दिसलं, ते का, यावर आठवी तासभर भांडली. तिसरी तोवर खिचडी खाऊन मोकळी.

सातारा, पालक

थोडं कडू बोलतो. माझी मुलगी दहावीत, आणि शाळेनं तिला दर आठवड्याला "छोट्यांची ताई" करून दुसऱ्या शाळेत धाडलं. वडापचं, म्हणजे शेअर जीपचं, भाडं आम्हीच द्यायचं. संमतीपत्र आलं ते तिसऱ्या फेरीनंतर. तिथं गेल्यावर काय, तर फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, परत यायचं. जोडीतल्या लहान मुलाचं नाव तिला वर्षअखेरीसही माहीत नव्हतं. करायचं तर आठवी-नववीत करा, आणि मोबाईल शाळेत ठेवून जा.

वाळवा तालुका, ऊसपट्टा

आमच्या शाळेत साखर कारखान्याचा हंगाम लागला की कोपीवरची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतली, मुलं येतात, हंगाम संपला की जातात. त्यामुळे वर्षभराची जोडी जमतच नाही. एकदा सातवीतल्या, बीडकडच्या एका मुलीला आमच्याच दुसरीतल्या पोरांबरोबर बसवलं. ती मोळ्यांचा हिशोब तोंडी करायची. गाडीत किती मोळ्या, एकीचं वजन साधारण किती, सगळं बोटांवर. दुसरीची पोरं पाढे टाकून तिच्या मागं. मार्चमध्ये एका सोमवारी कोप्या रिकाम्या दिसल्या. पोरांनी तिच्यासाठी मोळ्यांची चित्रं काढून ठेवली होती, ती अजून माझ्या कपाटात आहेत. पत्ता कुठला लिहू?

सातारा, धागा सुरू करणारी

सांगलीच्या बाई, पाईप किती फुटी घेतली होती? आमच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना यंदा तेच करून बघायचं म्हणते.

सांगली, भूगोलाची शिक्षिका

पन्नास फुटी. पण आधी आतले बुडबुडे काढा. आमचा पहिला तास त्यातच गेला, आणि ते चौथीच्याच पोरांना आधी दिसले.