शब्दचर्चा: टेम्प्लेटमधल्या सर्व्हरच्या पत्त्याच्या जागेला मराठीत काय म्हणायचं?

सातपूरकर:
आमच्या कंपनीत प्लांटमधली चार मुलं सर्व्हरच्या कामाला घेतली आहेत. आयटीआय झालेली, हुशार. पण इंग्रजी मॅन्युअल समोर आलं की गप्प होतात. त्यांच्यासाठी अन्सिबलवर (एकाच वेळी अनेक सर्व्हरची सेटिंग करणारं साधन) मराठीत वीसेक पानं लिहितोय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडलोय: ‘टेम्प्लेटमध्ये सर्व्हरचा अॅड्रेस हार्डकोड करू नका, प्लेसहोल्डर ठेवा, खरा अॅड्रेस इन्व्हेंटरीतून येईल.’ टेम्प्लेट म्हणजे ज्यावरून प्रत्येक सर्व्हरची सेटिंगची फाइल बनते तो मजकूर. हार्डकोड म्हणजे त्यात खरा आकडाच लिहून टाकणं, प्लेसहोल्डर म्हणजे त्याऐवजी दुहेरी महिरपी कंसात नुसतं नाव, आणि इन्व्हेंटरी म्हणजे सगळ्या सर्व्हरची नोंद.

हे वाक्य मला इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. मागच्या वर्षी डेटाबेसचं यंत्र बदललं. १०.२०.०.१५ गेलं, १०.२०.०.४० आलं. इन्व्हेंटरीत एक ओळ बदलली, प्लेबुक (अन्सिबलने करायच्या कामांची फाइल) चालवलं, कुठे लाल अक्षर नाही. रात्री रिपोर्टचा सर्व्हर बंद पडला. अकरा टेम्प्लेटपैकी एकात कुणीतरी दुहेरी महिरपी कंस काढून सरळ जुना आकडा लिहून ठेवला होता. प्लेबुकला त्यात काहीच वावगं दिसत नाही, ते तो आकडा जसाच्या तसा उतरवतं. पहाटे साडेतीनला सापडला.

टेम्प्लेटला मी ‘साचा’ लिहिलंय. प्लेसहोल्डरला ‘रिकामी जागा’ लिहिलं, तर एका मुलाने फाइलमध्ये खरोखरच जागा मोकळी सोडली! शब्द सुचवा.

भगूरकर:
शाळेच्या गणितात ‘चल’ आहेच. त्यावरून ‘चलस्थान’ करा, आणि हार्डकोडला ‘स्थिरलेखन’. आमच्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द दिले. आज ‘दिनांक’ लिहिताना कुणी अडखळतं का? वापरला की शब्द रुळतो. आपण वापरायच्या आधीच हार मानतो, हे मला फार लागतं.

अंबड ओतकाम:
माझी हरकत ‘साचा’ला आहे. बावीस वर्षं ओतकामात आहे. साच्यातून निघालेला प्रत्येक नग सारखा हवा. फरक पडला तर तो रिजेक्ट. तुमच्या टेम्प्लेटमधून दहा सर्व्हरच्या दहा वेगळ्या फाइली निघायला हव्यात. आमच्या शॉपमधून आलेला मुलगा ‘साचा’ ऐकून नेमकं उलटं समजेल.

कॉलेजरोड:
पण मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला ‘साचा’च म्हणतात, आणि तिथेही दर पानावर साच्यात वेगळी माहिती भरतात. रुळलेला शब्द कशाला मोडायचा?

निफाडकर:
‘नमुना’ म्हणा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. रकाने सगळ्या गावांना तेच, आत नाव आणि क्षेत्र ज्याचं त्याचं. भरायच्या जागेला ‘रकाना’. शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

भगूरकर:
नमुना फारसी आहे.

निफाडकर:
जमीनही फारसीच. आमच्या आजोबांनी दोन्ही शब्द आपले म्हणूनच वापरले. तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यानपिढ्या असलेला शब्द परका कसा?

देवळालीगाव:
मी हेच काम करतो, म्हणून आधी ‘पत्ता’ नीट करा असं सुचवतो. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली की अन्सिबल ‘डिफॉल्ट’ म्हणून जो पत्ता देतं, तो डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा नेहमीचा रस्ता, ज्या कार्डावर आहे त्याचा असतो. आतल्या नेटवर्कचा हवा असताना बाहेरचा येऊन बसतो. अर्जात ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’ वेगळे असतात, तसं पुस्तिकेत ‘आतला पत्ता’, ‘बाहेरचा पत्ता’ असं स्पष्ट लिहा.

दुसरं, ‘लिमिट’ लावून एकाच सर्व्हरपुरतं प्लेबुक चालवलं की बाकीच्यांची माहिती गोळाच होत नाही. आधीची साठवलेली नसेल आणि टेम्प्लेटने त्यातल्या कुणाचा पत्ता मागितला, तर ‘अनडिफाइन्ड’ येऊन काम थांबतं. मुलं म्हणतात ‘पत्ता चुकलाय’ आणि इन्व्हेंटरी खोदत बसतात. पत्ता बरोबरच असतो, त्या यंत्राला कुणी विचारलेलंच नसतं.

पंचवटीकर:
मी संगणकातला नाही, आमच्या घरी भिक्षुकी आहे. पण हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे: ‘अमुक’. पोथीतला संकल्प बघा. अमुकनाम संवत्सरे, अमुकमासे, अमुकतिथौ, अमुकगोत्रः. म्हणणाऱ्याने तिथे त्या दिवशीची तिथी आणि समोरच्या यजमानाचं गोत्र घालायचं. जागा मोकळी नाही, तिथे काय यायचं ते तिथेच लिहिलंय. तुमच्या कंसात हेच असतं ना?

देवळालीगाव:
हेच असतं.

कॉलेजरोड:
बोलण्यात मात्र ‘अमुक’ म्हणजे कुणीही, कसंही. ‘अमुक माणूस म्हणाला.’ सर्व्हरच्या पत्त्यात असा सैलपणा कसा चालेल?

पंचवटीकर:
संकल्पात सैलपणा नाही. एकादशीला दशमी म्हणाल तर यजमान तिथेच अडवतो. आणि त्याच संकल्पात तुमच्या हार्डकोडचंही उदाहरण आहे. आमची पोथी पुण्याची छापील. तिच्यात ‘दंडकारण्ये देशे’च्या पुढे ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असं सरळ छापलंय, कारण पुणं गोदेच्या दक्षिणेला. रामकुंडावर, आमच्या काठावर, ते चालत नाही, इथे ‘उत्तरे तीरे’. आजोबांनी ‘दक्षिणे’वर पेन्सिलीने बारीक रेघ मारून वर ‘उत्तरे’ लिहिलंय. पूल ओलांडून जुन्या नाशकात पूजेला जायचे तेव्हा त्यांना परत छापलेलं वाचावं लागे. रेघेखालचं अक्षर दिसावं म्हणून ती त्यांनी मुद्दाम हलकी ठेवली होती. असल्या मजकुराला ते ‘छापील’ म्हणायचे. नवशिक्याला सांगायचे, अमुक आहे तिथे तू विचारशीलच. छापील आहे तिथे विचारायचं सुचणार नाही, तिथे सांभाळ.

सातपूरकर:
नेमका माझ्या अकराव्या टेम्प्लेटचाच प्रकार! ‘छापील पत्ता लिहू नका’ हे वाक्य मुलांना आज म्हणून दाखवलं, एकानेही अर्थ विचारला नाही. ‘अमुक’चा मसुदाही करतोय. इन्व्हेंटरीला मात्र अजून शब्द नाही. ‘यादी’ थोटकं वाटतं, कारण त्यात सर्व्हरचे गट असतात आणि प्रत्येकाची माहितीही. ‘हजेरीपट’ कसं वाटतं?

भगूरकर:
‘अमुक’ला माझी हरकत नाही, संस्कृतच आहे. ‘छापील’वर विचार करतो, फाइलमध्ये काही छापलेलं नसतं. पण पंचवटीकर, एक सांगा. आमचं गाव दारणेकाठी. घरी पूजेला ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’च म्हणतात, दारणेचं नाव कधी ऐकलं नाही. ते बरोबर का?

जुनं नाशिक:
बरोबर. आमच्याकडे तपोवनापासून पुढे नदी वळते तिथले लोकही यावर वाद घालतात. माझे मामा तर म्हणायचे, काठ घराचा नाही, जिथे बसून पाणी सोडता तिथला धरायचा.

पंचवटीकर:
मामांचं मला पटत नाही. उद्या काकांना विचारून लिहितो.