हार्डवेअर-नेटवर्किंगचा मुलगा कामावर घेताना त्याला नेमकं काय विचारायचं?

मिरजेचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. माझं मिरजेत कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे, विक्री कमी आणि एएमसीची (वर्षभराच्या देखभालीच्या कराराची) कामंच जास्त. दोन शाळा, तीन-चार दवाखाने, सीए लोकांची ऑफिसं. एकट्याने होत नाही म्हणून मागच्या वर्षी एक मुलगा घेतला, घेताना ३० प्रश्नांचा पेपर काढला होता, ओएसआयचे सात लेयर सांगा, रॅम आणि रॉममधला फरक, एफटीपीचा पोर्ट कुठला वगैरे. त्याने ३० पैकी २७ बरोबर सोडवले. मी खूश.

तिसऱ्या दिवशी त्याला एका ऑफिसात पाठवला. मशीन चालू होत होतं पण काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज. ह्याने पेनड्राइव्ह लावला, सगळी पार्टिशनं उडवली आणि नवीन विंडोज टाकून दिलं, वर फोन करून सांगितलं की काम झालं. त्या डिस्कवर सहा वर्षांचे हिशेब होते. मी संध्याकाळी धावत गेलो, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बघतो तर घड्याळ २०१५ साल दाखवतंय, म्हणजे सीमॉसची बॅटरी (हे सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा सेल) मेलेली, सेटिंग डिफॉल्टला गेलेलं आणि बूट मोड, म्हणजे विंडोज सुरू करायची पद्धत, बदललेला. चाळीस-पन्नास रुपयांचा सीआर २०३२ चा सेल आणि दोन मिनिटांचं सेटिंग एवढंच काम होतं. रिकव्हरी करून निम्माच डेटा परत आला. त्या अकाउंटंट ताई माझ्यासमोर रडल्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलगा वाईट नव्हता, पण माझी परीक्षाच चुकीची होती असं मला वाटतं. आता परत माणूस घ्यायचाय, रविवारी तिघं येणार आहेत. तुम्ही लोक काय विचारता, काय करायला लावता ते सांगा.

---

पाना_पक्कड

दादा, कागद बाजूला ठेवा आणि बिघडवलेलं मशीन समोर ठेवा. मी बावीस वर्षं हेच करतोय. एक जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यात तीन खोड्या करून ठेवायच्या. रॅमची एक बाजू लॉकमध्ये बसवायचीच नाही. प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल काढून ठेवायची, म्हणजे पंखे फिरतात पण डिस्प्ले काही येत नाही. आणि ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावायची. मग खुर्ची घेऊन शांत बसायचं आणि फक्त त्याचा हात आधी कुठे जातो ते बघायचं.

जो आधी बाहेरच्या वायरी, स्विच, मॉनिटरचा लाइट बघतो, मग साइड पॅनल काढायच्या आधी प्लग ओढतो, अंगातली स्टॅटिक वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅमला हात लावतो, तो माणूस शिकलेला आहे, त्याला रॅमचा फुलफॉर्म नाही आला तरी चालेल. आणि जो आल्या आल्या 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणतो त्याला चहा पाजून घरी पाठवा.

एक प्रश्न मात्र मी तोंडी विचारतोच. गिऱ्हाइकाचं मशीन चालू होत नाही, तू पहिलं वाक्य काय बोलणार? उत्तर एकच हवं, 'आत काय काय आहे आणि त्याची कॉपी दुसरीकडे आहे का?' हे ज्याच्या तोंडून आपोआप येतं त्याच्या हातात मी दुकानाची चावी देतो.

शिवाय मल्टिमीटर हातात द्या. सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यायला पाहिजे हे सगळे सांगतात, पण न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती आलं हे बघायला फार थोड्यांना सुचतं. आपल्याकडे वळवाच्या पावसात जे लॅन पोर्ट आणि राउटर उडतात त्यातले कितीतरी अर्थिंग धड नसल्याने उडतात, आणि पोरं बिचारी दर वर्षी नुसतं नवीन कार्ड बदलत बसतात.

---

केबलवाला_कोल्हापूर

वरच्या दादांशी सहमत, मी नेटवर्कचं सांगतो. 'नेट चालत नाही' ह्या एका तक्रारीवर अर्धा तास मुलाखत होते, वेगळे प्रश्न लागतच नाहीत.

पहिलं, त्याला सांगा की मशीनचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १६९.२५४ ने सुरू होतोय. म्हणजे काय? म्हणजे डीएचसीपीकडून (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) पत्ता मिळालेलाच नाही, मशीनने स्वतःचा स्वतः घेतलाय, तेव्हा ब्राउझर बदलून काही होणार नाही, केबल आणि स्विच आणि राउटर बघ. दुसरं, ८.८.८.८ ला पिंग जातोय पण एकही साइट उघडत नाही. इथे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय) म्हणाला की समजायचं गाडी रुळावर आहे. तिसरं, फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागलाय, मग आपल्या ऑफिसात वायरी उपसत बसायचंच नाही, सरळ कंपनीला फोन लावायचा. चौथं मला फार आवडतं, प्लॅन ३०० एमबीपीएसचा, वायरने लावलं तरी स्पीड ९४-९५ च्या वर जात नाही. इथे पोरं राउटरला शिव्या घालतात. बहुतेक वेळा आठपैकी एखादी तार नीट बसलेली नसते, कारण १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे लिंक खाली १०० वर येते आणि नेट चालतंय म्हणून कुणी केबलकडे बघतच नाही.

मग क्रिम्पिंग टूल (केबलला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड) हातात द्या. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. रंग पाठ असतातच, पण वरचं जाकीट कनेक्टरच्या आत गेलंय का ते बघा, त्याच्या पट्टीखाली जाकीट दाबलं गेलं नाही तर ती केबल दोन महिन्यांत हलायला लागते.

आणि एक गोष्ट सांगतो. एका क्लासमध्ये रोज दुपारी अर्ध्या मशीनचं नेट जायचं. तीन दिवस डोकं फोडलं. शेवटी कळलं की कुणीतरी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून घरचा जुना वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, म्हणजे एकाच नेटवर्कात दोन राउटर आयपी वाटत बसलेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, ऑफिसात १९२.१६८.१ ची रेंज आहे आणि चार मशीनला अचानक १९२.१६८.० चे पत्ते आले तर तू काय शोधशील? मुलगा उठून टेबलांखाली बघायला लागेल असं उत्तर आलं की झालं.

---

टर्मिनलवाली

मी पुण्यात सर्व्हर सांभाळते, माझ्याकडे येणारी मुलं थोडी वेगळी असतात पण रोग तोच, व्याख्या पाठ आणि हात कोरे. मी एक व्हर्च्युअल मशीन देते ज्यात 'डिस्कवर जागा नाही' अशी एरर येते, पण डीएफ डॅश एच (लिनक्समध्ये जागा दाखवणारी कमांड) मारलं की ४० टक्के जागा रिकामी दिसते. ज्याला डीएफ डॅश आय सुचतं तो आयनोड (प्रत्येक फाइलीच्या नोंदीसाठी लागणारी जागा) संपलेत हे शोधतो, कुठल्यातरी फोल्डरमध्ये लाखो बारक्या बारक्या फाइली साचलेल्या असतात. दुसऱ्यात उलटं, मोठी लॉग फाइल डिलीट केलीय तरी जागा सुटत नाही, कारण सर्व्हिसने ती अजून उघडी धरलीय, ती रीस्टार्ट केल्याशिवाय जागा परत मिळत नाही. सुचलं नाही तरी मी नापास करत नाही, मी गूगल करू देते आणि तो काय टाइप करतो ते बघते, एररचा मेसेज जसाच्या तसा वाचून शोधणारा मुलगा सहा महिन्यांत तयार होतो.

आणि दादा, रेडबद्दल (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) नक्की विचारा. दोन डिस्क मिररला लावल्यात, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा, आता बॅकअपची गरज आहे का? 'नाही' म्हणणारे इतके भेटतात की काळजी वाटते. एकीकडे फाइल उडाली की दुसरीकडेही त्याच क्षणी उडते. तुमच्या त्या ताईंसारखी माणसं ह्याच समजुतीवर विसंबून असतात.

---

केबलवाला_कोल्हापूर

ताई, गूगलचं मला पटत नाही. आमच्याकडे मुलगा जिथे जातो तिथे नेटच बंद असतं, तेव्हा बेसिक डोक्यात पाहिजे.

टर्मिनलवाली

बरोबर आहे, साइटवरच्या कामाला तुमचं म्हणणं मान्य. पण खिशात मोबाइल असतोच ना दादा, अडल्यावर शोधायची सवय पाहिजे, नाहीतर तो अंदाजाने बटणं दाबतो आणि तिथेच डेटा जातो.

---

आयटीआय_बॅच

सर, मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. मी कोपा (आयटीआयचा कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलंय आणि आत्तापर्यंत चार ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. आमच्या लॅबमध्ये मशीन उघडायला मिळायचं ते वीस जणांत एक, त्यामुळे पुढच्या मुलांची मागून डोकी बघत शिकलो. ८ पिनची केबल मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लावली ती भंगारातून ६०० रुपयांना आणलेल्या मशीनमध्ये. म्हणून विनंती एवढीच की मुलगा बावरला तर लगेच काढू नका, त्याला बोलत बोलत करायला सांगा, म्हणजे तो काय विचार करतोय ते तुम्हाला ऐकू येईल. आणि दिवसभर काम करून घेणार असाल तर त्या दिवसाचे पैसे द्या, एसटीचं भाडं खिशातून जातं आमचं.

---

मिरजेचा_दुकानदार

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी तिघं आले, तिघांनाही जेवण आणि दिवसाचे पैसे दिले, आयटीआयवाल्या मित्रा तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं.

खोड्या दादांनी सांगितल्या तशाच केल्या, शिवाय सीमॉसचा सेल मेलेला बसवला. पहिला हुशार, दहा मिनिटांत ८ पिन पकडली, पण हार्डडिस्क काढताना प्लग चालूच. दुसरा नुसता बघत बसला. तिसरा मुलगा मालगावचा, त्याला ८ पिन शेवटपर्यंत सापडली नाही, ती मीच लावून दिली, पण मशीनसमोर बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, 'काका, ह्यात काही महत्त्वाचं आहे का? आधी डिस्क काढून बाजूला ठेवू का?' मी काही बोललो नाही, फक्त मान हलवली. त्याने वही काढली, काय काढलं कुठून काढलं ते लिहीत गेला, मशीन चालू झाल्यावर बायोसची तारीख चुकलीय हे त्यानेच सांगितलं, आणि तारीख चुकली की ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित नाहीत असं येतं हेही त्याला माहीत होतं, कारण घरच्या मशीनवर झालं होतं म्हणे. क्रिम्पिंग दोनदा फसलं, तिसऱ्यांदा टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले.

एक तारखेपासून तो येतोय. पहिला महिना एकट्याला कुठे पाठवणार नाही. पाना_पक्कड दादा, अर्थिंग मोजायचं त्याला मी ह्या आठवड्यात दाखवतो. आणि कुणाकडे जुना मॅनेज्ड स्विच (ज्यात सेटिंग करता येतं असा) पडून असेल तर सांगा, ८ पोर्टचा चालेल, त्याला व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करणं) शिकवायचंय, योग्य ते पैसे देईन.