सतार-तबला अमीर खुसरोचा नसेल, तर त्याचं काय उरतं?

षड्जपंचम : गायनाच्या वर्गात अमीर खुसरो या जुन्या सूफी कवीवर दहा मिनिटं बोलायचं आहे. सतार त्याने काढली, पखवाजाचे दोन तुकडे करून तबला केला, हे लहानपणापासून ऐकत आलेय. आता एक जण म्हणाले, यातलं काहीच खरं नाही. मग सांगायचं काय?

जुनी बैठक : ते बरोबर म्हणाले. खुसरो १३२५ साली वारला, आणि सतार-तबला आजच्या रूपात दिसू लागतात ते थेट अठराव्या शतकातल्या दिल्लीत. तिथे खुसरो खाँ नावाचा एक वादक होता, त्याच्यामुळे ही गल्लत झाली असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

पण म्हणून खुसरो रिकामा होत नाही हो! फारसीत पाच दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, आधीच्या फारसी कवी निजामीच्या वाटेने जाणाऱ्या पाच मसनव्या, म्हणजे दीर्घ कथाकाव्यं, आणि १३१८ चं 'नुह सिपिहर' हे काव्य. त्यातला एक अख्खा भाग हिंदुस्थानच्या कौतुकाचा आहे: इथली फुलं, पक्षी, अंकगणित, बुद्धिबळ, प्रांतोप्रांतीच्या भाषा. बाप तुर्क, आई इथली, जन्म १२५३ चा, पटियालीचा. हा माणूस या मातीवर जीव टाकून लिहितो. दरबारासाठी लिहिलेली विजयवर्णनं मात्र मला वाचवत नाहीत. अल्लाउद्दीनच्या फौजांनी देवगिरीवर काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि हा त्यावर अलंकार चढवत बसतो.

मध्यलय : आणि त्याच्या नावावर गातात ते 'छाप तिलक'?

जुनी बैठक : त्याच्या काळातली हिंदवी, म्हणजे तेव्हाच्या उत्तरेकडच्या बोलीतल्या, पदांची हस्तलिखितं हाती नाहीत. हिंदवीत रचून मित्रांना वाटलं, असं तो स्वतःच लिहून गेलाय. आज जे गातो ते कव्वालांच्या पिढ्यांनी गळ्यात सांभाळलेलं. त्यात त्याचं किती आणि नंतरच्यांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. मला त्याने फरक पडत नाही.

वेरूळकर : खुलताबादचा उल्लेख जरूर करा. खुसरोचा जिवलग मित्र, कवी हसन सिज्झी, तिथे पुरलेला आहे. दोघेही दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलियांचे मुरीद, म्हणजे शिष्य. औलियांची वचनं हसननेच 'फवाइद-उल-फुआद'मध्ये उतरवून घेतली. दोघे सुलतान बल्बनचा मुलगा शहजादा मुहम्मद याच्या पदरी होते. १२८५ मध्ये मुलतानजवळ मंगोलांशी लढताना तो पडला, खुसरो कैद झाला. सुटून आल्यावर त्याने शहजाद्यासाठी मर्सिया, म्हणजे शोककाव्य, लिहिला.

षड्जपंचम : हे सगळं दहा मिनिटांत कसं बसवू?

जुनी बैठक : बसवू नका. सतार-तबल्याला एक मिनिट पुरे. मग 'मन कुन्तो मौला' लावा, दर्ग्यात कव्वाल हा कौल (पैगंबरांच्या वचनावरची रचना) खुसरोचा म्हणूनच गातात. वर्गाला एकच गोष्ट ऐकायला सांगा: मैफलीत एखाद्या ओळीवर कुणाला हाल आला, म्हणजे भक्तीची तंद्री लागली, की कव्वाल पुढची ओळ घेत नाहीत. तीच ओळ, टाळ्यांच्या ठेक्यावर, तो माणूस शांत होईपर्यंत घोळवत राहतात. आपल्याकडे कीर्तनात नामगजर चढतो तेव्हा बुवाही असेच थांबतात, हे तुमच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल.