मदत हवी आहे : १९३६ सालची १६ बोअरची मेर्कल दुनळी घ्यावी का, आणि तिच्यात काडतूस कोणते वापरावे?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त मी जर्मनीतील थ्युरिंगिया राज्यात राहतो आणि येथील शिकार परवान्याची परीक्षा रीतसर उत्तीर्ण झालो आहे. आमच्या शिकारक्षेत्रातील एक वयोवृद्ध गृहस्थ आता बंदूक हाती धरत नाहीत आणि त्यांच्याकडील, झूल गावच्या मेर्कल कारखान्याची जुनी दुनळी मी घ्यावी, अशी त्यांची इच्छा आहे. किमतीविषयी आमचे एकमत झालेले आहे. प्रश्न आहे तो ही बंदूक आजच्या काडतुसांनी वापरण्याचा, आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. विषय निघणारच म्हणून आधीच सांगतो, की ती भारतात आणण्याचा विचार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला वाव उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे. येथे रानडुक्कर, हरिण आणि पाणबदके यांची शिकार ठरलेल्या हंगामात आणि नियमांच्या चौकटीत होते.

बंदूक वर-खाली नळ्यांची आहे. वरच्या नळीच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी कान पुढे आलेला आहे. बंदूक मिटली की हे कान समोरच्या खाचांत जाऊन बसतात आणि त्यांच्या भोकांतून एक आडवा बोल्ट आरपार सरकतो. खालच्या बाजूला पकडीचे दोन दात आहेत ते वेगळेच. केर्स्टन पद्धतीचे हे बंद मेर्कलच्या वर-खाली दुनळ्यांची ओळखच आहे. नळ्यांवर ‘फ्लुसश्टाल क्रुप एसेन’ (एसेनच्या क्रुप कारखान्याचे पोलाद) ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. कोरीवकाम फार नाही, पण पानांच्या कडा ज्या बारकाईने उतरवल्या आहेत, त्या पाहून कोरणाऱ्याचा हात किती स्थिर असेल याची कल्पना येते.

मेर्कल बंधूंनी हा कारखाना १८९८ मध्ये झूल येथे काढला. त्याच गावचे बंदूक बनवणारे क्रीगहॉफ दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेला जाऊन उल्म येथे स्थिरावले, मेर्कल मात्र झूलमध्येच राहिले आणि पूर्व जर्मनीच्या काळात सरकारी उद्योगसमूहाचा भाग म्हणून बंदुका बनवत राहिले. माझ्यासमोरची बंदूक त्याच्याही आधीची आहे. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ‘८३६’ हे आकडे आहेत, ते मी ऑगस्ट १९३६ असे वाचतो, आणि अधिकृत दाबचाचणीची चिन्हे मुकुटाची आहेत, १९४० पासून आलेल्या गरुडाची नाहीत, याच्याशी ते जुळते. मुकुटाखाली ‘एन’ आहे, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. ‘एस’ छर्ऱ्यांच्या नळीसाठी आणि ‘डब्ल्यू’ चोकसाठी, म्हणजे नळीच्या तोंडाकडे अरुंद केलेल्या भागासाठी, असे मी समजतो. वर्तुळात १६ हा बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा आकडा आहे, परंतु चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, लांबीचा उल्लेख कोठेही नाही.

माझी खरी अडचण येथेच आहे. त्या काळातील जर्मन १६ बोअरचे चेंबर सामान्यतः ६५ मिलिमीटरचे असे, तर आज दुकानात मिळणारी बरीचशी काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. काडतुसाची लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे दुमडलेल्या तोंडाचे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनदिक्कत बसते आणि बंदूक मिटतेही. तोंड उलगडते ते मात्र पुढच्या निमुळत्या भागात. तेथे वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक व्यवस्थित मिटली म्हणजे काडतूस योग्य आहे, असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिले.

एका कारागिराने चेंबर ७० पर्यंत वाढवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्यानंतर प्रूफ हाउसमध्ये (बंदुकांची दाबचाचणी करणाऱ्या अधिकृत केंद्रात) नव्याने चाचणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मला हा मार्ग मनापासून पटत नाही. चेंबरच्या पुढे नळीची जाडी मुळातच कमी होत जाते, त्यात आणखी पोलाद काढायचे आणि मग ८० पेक्षा अधिक वर्षे टिकलेल्या नळ्या चाचणीच्या वाढीव दाबाला सामोऱ्या न्यायच्या, यापेक्षा ६५ ची काडतुसे शोधून वापरणे बरे, असे वाटते. ज्यांनी असे काम करून घेतले आहे किंवा जाणीवपूर्वक टाळले आहे, त्यांनी कारणांसह लिहावे.

दुसरा प्रश्न छर्ऱ्यांचा. १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय संघात पाणथळ जागी आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत. दोन्ही नळ्यांना चोक असल्यामुळे पोलादी छर्रे मला धोक्याचे वाटतात. बिस्मथ हा पर्याय कसा आहे?

प्रतिसाद १

आपला कल योग्य आहे, चेंबरला हात लावू नका. मी बव्हेरियात जुन्या दुनळ्या वापरतो. १६ बोअरमध्ये ६५ आणि ६७.५ ही दोन्ही मापे आजही बनतात, मात्र खोक्यावरील माप प्रत्येक वेळी वाचून घ्या. त्याआधी चेंबर गेजने प्रत्यक्ष मोजून घ्या, कारण मधल्या काळात एखाद्या मालकाने ते वाढवून घेतले असण्याची शक्यता असते आणि तसे असेल, तर पुन्हा केलेल्या चाचणीचे चिन्ह शोधावे लागेल.

व्यवहारापूर्वी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या जागेवर बसवा, बंदूक मिटा आणि दोन्ही बाजूंना हलवून पाहा; किंचितही खडखड जाणवली, तर बंद ढिले झाले आहे. केर्स्टनचे वरचे कान दिसतात भक्कम, पण खालचे दात झिजले असतील तर केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. नंतर नळ्या सुट्या करून दातापाशी बोटावर टांगा आणि लाकडाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद निघाला तर नळ्या जोडणाऱ्या पट्ट्यांचा डाख शाबूत आहे, बद्द आवाज आला तर कोठेतरी सुटलेला आहे. दस्त्याचे पोलादाला भिडणारे टोक काळपट आणि मऊ झाले आहे का, तेही पाहा. वर्षानुवर्षे उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले तेल तेथे उतरते आणि लाकूड कुजवते. यापुढे तेल लावल्यानंतर काही काळ तरी ती तोंड खाली करून ठेवावी.

पोलादी छर्रे या बंदुकीत मुळीच नकोत. शिसे चोकमधून जाताना दबते, पोलाद दबत नाही. बिस्मथची घनता सुमारे ९.८ आहे, शिशाची ११.३ आणि पोलादाची ७.८. बिस्मथ शिशाच्या बरेच जवळ जाते आणि जुन्या नळीला सोसते. महाग आहे, शिवाय ठिसूळ असल्याने काही छर्रे फुटतात, पण बदकांच्या हंगामात कितीशी काडतुसे लागणार?

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. डाखाची परीक्षा मला माहीत नव्हती, ती त्या गृहस्थांच्या समोरच करून पाहीन. चेंबर न वाढवण्याचा निर्णय आता पक्का झाला. परवान्यावर लांब नळीची बंदूक घेता येते आणि दोन आठवड्यांच्या आत नोंद करावी लागते, हे माझ्या ध्यानात आहे. बंदुका ठेवण्यासाठी लागणारी शून्य सुरक्षा दर्जाची तिजोरीही घरी आहे. फक्त एक शंका उरते. गेजने माप ६५ भरले, तरी नळ्यांची जाडी स्वतंत्रपणे मोजून घ्यावी का, आणि ते काम साध्या कारागिराकडे होते की प्रूफ हाउसकडेच जावे लागते? झूलचे प्रूफ हाउस मला फारसे लांब नाही.

प्रतिसाद १

जाडी अवश्य मोजून घ्या. ज्याच्याकडे त्यासाठीचे मापयंत्र आहे, असा कारागीर ते करू शकतो. चेंबरच्या लगेच पुढचा भाग आणि नळीचा मधला भाग, या दोन ठिकाणी नळी फिरवत चारही बाजूंनी मापे घ्यायला सांगा आणि ती लिहून घ्या. आतून खड्डे घासून काढलेले असतील, तर ते या मापांतच कळेल. संशय वाटला तरच ऐच्छिक फेरचाचणीसाठी झूलला न्या.